ओठांवरचं उत्तर

पोस्टमास्तरांनी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि वायर उपसून सरळ हातात धरली.

"बाई, आता तरी ऐका. बेबी जशी आहे तशी न्या तपासणीला."

"जशी आहे तशी म्हणजे? चुरगळलेली?" ताईंनी गार होत चाललेली इस्त्री बेबीच्या निळ्या ड्रेसच्या बाहीवरून तरीही एकदा फिरवलीच. "चार लोक बघणार तिला. माझी बहीण आहे ती, वाऱ्यावर सोडलेली नाही."

"अहो, तेच तर म्हणतोय मी! मागच्या वेळी अशीच नटवून नेलीत. काय आलं हाती? धुपाटणं!"

ताईंनी इस्त्री बाजूला ठेवली आणि बाहीची घडी घातली. ताईंची अख्खी हयात शाळेत शिकवण्यात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना बाईच म्हणत. 'ताई' म्हणणारी एकच, बेबी. ती पन्नाशीला टेकली होती, केस पिकले होते, पण लहानपणी चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तरही तिला बेबीच म्हणत. तेही निवृत्त. सरकारी कामाचे सगळे आडवळणी रस्ते त्यांना पाठ, त्यामुळे या प्रकरणात ते न विचारताच वकील झाले होते.

बेबी पलंगाच्या कडेला बसून मोरीतल्या नळाकडे कान लावून होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून त्या नळात माणसं बोलत. औषधांनी त्यांचा आवाज खाली यायचा, पण बिऱ्हाड काही हलायचं नाही. ऊठ म्हटल्याशिवाय ती उठत नसे, जेव म्हटल्याशिवाय जेवत नसे. गोळ्या ताईंनी तळहातावर ठेवायच्या आणि गिळेपर्यंत समोर उभं राहायचं. गॅसजवळ तिला एकटीला सोडायची सोय नव्हती. एकदा ताई दळण आणायला गेल्या, तेवढ्यात ही घराबाहेर पडली आणि संध्याकाळी बसथांब्यावर सापडली. कुठल्या बसची वाट बघत होतीस, विचारलं तर म्हणाली, "कुठल्याच नाही."

अशा माणसांसाठी सरकारची एक योजना होती. डॉक्टरांच्या समितीपुढे आजार 'तीव्र' ठरला, तर दरमहा भत्ता मिळे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रोज घरी येणारी मदतनीस, जन्मभरासाठी. ताईंना ती मदतनीस हवी होती. त्यांच्या हृदयाची एक झडप कामातून गेली होती. ऑपरेशन करा, लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि ताई लांबवत होत्या. दवाखान्यात पडून राहायचं तर बेबीला कोणाच्या पदरात टाकायचं? आणि ऑपरेशन न करताच एक दिवस आपण आडव्या झालो तर?

एवढं सगळं असून मागच्या वेळी बेबी 'सौम्य' ठरली. त्याला कारण खुद्द ताईच!

त्याचं असं झालं. शाळेत तपासणीला साहेब यायचे, तेव्हा ताई त्यांच्या पाठीमागे उभ्या राहायच्या. साहेबांनी प्रश्न विचारला आणि पोर अडलं, की ताईंचे ओठ हलायचे. आवाज नाही, काही नाही. पोरांना ते ओठ वाचायची सवय होती. "बाईंचा वर्ग कधी अडत नाही," असं साहेब कौतुकानं लिहून जायचे. ती खोड ताईंच्या अंगात मुरली. बेबी आजारी पडल्यावर पाहुण्यांसमोर, दुकानात, लग्नाकार्यात, जिथे बेबी अडेल तिथे ताईंचे ओठ हलू लागले. बेबीही वाचू लागली. लोक म्हणत, "बघा, काही कळून येत नाही हो!" ताईंना तेवढ्यानं मूठभर मांस चढे.

समितीपुढे जायचं म्हटल्यावर ताईंनी पंधरवडाभर तयारी करून घेतली. स्वयंपाक कोण करतं? मी. औषधं कोण घेतं? माझी मीच. कोणी बोलल्यासारखं ऐकू येतं का? छे! बेबीनं एकही उत्तर चुकवलं नाही. घरी येऊन ताईंनी पोस्टमास्तरांना सांगितलंसुद्धा, "पठ्ठीनं पैकीच्या पैकी मिळवले!" पोस्टमास्तरांनी कपाळावर हात मारला, तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला.

आता फेरतपासणी होती. पुन्हा नाही म्हटलं, तर दार बंद.

"अहो, जन्मभर पोरांना पास व्हायला शिकवलं," ताई कळवळून म्हणाल्या, "आता हिला नापास हो म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?"

"काहीच सांगू नका. तुम्ही फक्त गप्प बसा. जमेल?"

"न जमायला काय झालं?"

पोस्टमास्तरांनी वायर गुंडाळून ठेवली.

समितीची खोली लांबट होती. एका टोकाला टेबल, टेबलामागे पांढऱ्या कोटातल्या डॉक्टर, त्यांच्या शेजारी टंकलेखक. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. बेसिन दिसताच त्या बाजूची खुर्ची ताईंनी स्वतः घेतली. पोस्टमास्तर बाहेर बाकावर थांबले. आत या दोघीच.

डॉक्टर तरुण होत्या, पण घाईच्या नव्हत्या. त्यांनी बेबीला नाव विचारलं, वय विचारलं. ती उत्तरं बेबीनं दिली. मग त्यांनी विचारलं, "घरात दिवसभर काय करता?"

बेबीनं ताईंकडे बघितलं.

"घर आवरते," ती म्हणाली. "भाजी निवडते. वर्तमानपत्र वाचते."

"वर्तमानपत्रात काल काय आलं होतं?"

बेबीनं पुन्हा ताईंकडे बघितलं. डॉक्टरांनीही बघितलं. आणि मग ताईंना कळलं, की आपले ओठ हलताहेत. देवाशपथ, त्यांना पत्ताच नव्हता! त्यांनी ते घट्ट मिटून घेतले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

डॉक्टर रागावल्या नाहीत. "तुम्ही शिक्षिका होतात का?"

"हो."

"माझी आईही आहे. जरा खुर्ची घेऊन यांच्या पाठीमागे बसता का?"

ताईंनी खुर्ची उचलून मागे नेली. समोर आता बेबीचे पिकलेले केस आणि त्यांनीच सकाळी घातलेली वेणी होती.

"हं, सांगा," डॉक्टर म्हणाल्या. "आज सकाळी उठल्यावर काय काय केलंत?"

बेबी मागे वळू लागली.

"माझ्याकडे बघूनच सांगा. घाई नाही."

"उठले," बेबी म्हणाली.

"मग?"

"मग..."

आणि मग काहीच नाही. टंकलेखकाची बोटं कळांवर थांबून राहिली. ताईंना सगळी उत्तरं येत होती. उठवलं मी, दात घासायला उभं केलं मी, ब्रशवर पेस्ट लावली मी, घास हातात दिला मी. हे सगळं त्या रोज करत होत्या, पण असं ओळीनं कधी मांडून बघितलं नव्हतं. त्यातलं बेबीचं स्वतःचं काय, हे शोधत त्यांचं मन त्या सकाळभर फिरून आलं आणि रिकाम्या हातानं परतलं. बेबी बरी आहे, बरी आहे म्हणत होतो, ती बरी दिसणारी बेबी म्हणजे आपणच होतो की काय! त्यांना भडभडून आलं.

बेसिनचा नळ ठिबकत होता. बेबीची मान हळूहळू तिकडे वळली.

ताईंच्या घशाशी खोकला आला. हा त्यांचा दुसरा उपाय. चारचौघांत बेबीचं लक्ष नळाकडे गेलं, की ताई जोरात खोकायच्या, आणि ती पुन्हा माणसांत यायची. इतकी वर्षं परक्या माणसानं बेबीला नळाशी बोलताना बघितलं नव्हतं. ताईंनी खुर्चीची कड गच्च धरली आणि खोकला गिळून टाकला. डोळ्यांतून पाणी आलं.

"थांबा ना जरा," बेबी नळाला म्हणाली. "डॉक्टरबाई काहीतरी विचारताहेत मला."

डॉक्टरांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "कोण आहे तिथे?"

मग बेबी बोलली. चांगली भडाभडा बोलली. नळात किती जण आहेत, त्यांतली म्हातारी कशी खवट आहे, पाण्याला हात लावला की कसे ओरडतात, म्हणून अंघोळ नको वाटते. शिकवलेली उत्तरं देताना ती सरकारी पत्र वाचल्यासारखं बोले. हे मात्र शेजारणीच्या तक्रारी सांगाव्यात तसं सांगत होती.

"मागच्या वेळी तर म्हणाला होतात, काहीच ऐकू येत नाही."

"ते ताईनं शिकवलं होतं."

"खरं नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग का म्हणालात?"

बेबीनं बोटाला वेणीचं टोक गुंडाळलं. "तिची शाळा सुटली ना. आता शिकवायला कोणी नाही तिला. माझं उत्तर बरोबर आलं की ती खूश होते. चुकलं की तिचं तोंड एवढंसं होतं. मला नाही बघवत."

पाठीमागे बसलेल्या ताईंना ती कोणाबद्दल बोलतेय हे कळायला क्षणभर वेळच लागला.

डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. "यांना समजतं पुष्कळ," त्या ताईंना म्हणाल्या. "समजणं वेगळं आणि निभावणं वेगळं. मला निभावण्याचं लिहायचंय. त्यामुळे आता तुम्हाला एकच प्रश्न, आणि तो टाळू नका. तुम्ही चार दिवस घरात नसाल, तर यांना एकटीनं जमेल?"

उत्तर सोपं होतं. एवढ्या एका उत्तरासाठी तर सगळा खटाटोप. ताईंनी तोंड उघडलं, आणि तीस वर्षांची जीभ आपल्या वाटेनं निघाली.

"तशी हुशार आहे हो ती. गणितात तर पहिली यायची. थोडंफार सांगून ठेवलं, तर..."

पुढे त्यांना बोलवेना. खरं बोलावं, तर बेबी समोर बसलेली. तिच्या देखत, तिच्या कानांवर, तिला काही जमत नाही म्हणायचं? इतकी वर्षं शत्रूलासुद्धा म्हणू दिलं नव्हतं! आणि खोटं बोलावं, तर सगळंच संपलं. वर्गात फळ्यापुढे उभ्या केलेल्या पोरासारख्या त्या अडल्या.

बेबी खुर्चीत पूर्ण मागे वळली. तिनं ताईंच्या डोळ्यांत बघितलं, भुवया जरा उंचावल्या, आणि तिचे ओठ हलले. आवाज नाही, काही नाही. एकदा हलले. ताई नुसत्याच बघत राहिल्या, म्हणून पुन्हा एकदा, सावकाश, अक्षर अन् अक्षर सुटं करून.

ताईंनी वाचलं.

"नाही जमणार," त्या म्हणाल्या. "तिला एकटीला नाही जमणार."

बेबीनं मान डोलावली आणि पुन्हा डॉक्टरांकडे तोंड करून नीट बसली. डॉक्टरांनी पेन उचललं. टंकलेखकानं उत्तर टाइप केलं.

दोघी बाहेर आल्या, तेव्हा पोस्टमास्तर बाकावरून धडपडत उठले. ताईंचे रडून लाल झालेले डोळे बघून त्यांचा चेहराच उतरला.

"काय म्हणाल्या?"

"'तीव्र'. मदतनीस येणार. पुढच्या महिन्यापासून." ताई बोलताना हसत होत्या आणि नाकही पुसत होत्या. "मास्तर, दवाखान्यात फोन लावा. माझ्या ऑपरेशनची तारीख द्या म्हणावं."

"वा, वा, वा!" पोस्टमास्तरांनी आनंदानं टाळीच वाजवली. "शाबास बेबी! छान उत्तरं दिलीस!"

"मी कुठे?" बेबी म्हणाली. "ताईच अडली होती. मी सांगितलं तिला."