चाळिसावा तुकडा

शनिवारी सकाळपासून पाववालीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पीठ मळून झालं तरी ती मळतच राहिली. तिच्या हातावर बेकरीत सगळ्यांचा भरवसा. डोळे मिटून कापला तरी तुकड्याला तुकडा सारखा. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चच्या मंडळीच्या प्रभुभोजनाचा, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत सगळ्यांनी एकत्र खायचा पाव तीच करायची आणि माणसं मोजून तुकडे कापायची. या खेपेला माणसं चाळीस होती. चाळिसावा होता क्रेनवाला.

सहा वर्षांपूर्वी हा माणूस पिऊन क्रेनवर बसला, साखळी सुटली आणि लोखंडी नळांचा गठ्ठा तिच्या नवऱ्याच्या पायावर आला. पाय गुडघ्यापासून काढावा लागला. चौकशीत या गृहस्थाने शपथेवर सांगितलं, की आपण थेंबही घेतला नव्हता. आणि गेल्या महिन्यात हाच उपासनेत उभा राहिला, रडला, सगळं कबूल केलं आणि म्हणाला, ख्रिस्ताने मला क्षमा केली. लोकांनी आमेन म्हटलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी ती मंडळीच्या पाळकांच्या दारात हजर.

"देवाने माफ केलं म्हणतो. मला विचारलं का देवाने?"

पाळक म्हणाले, "नाही विचारलं, बाई. मला माफ केलं तेव्हाही त्याने कुणाला विचारलं नव्हतं."

"तुम्ही कुणाचा पाय घेतला नाहीत."

उत्तर ऐकायला ती थांबली नाही.

नवऱ्याची तर वेगळीच तऱ्हा. क्रेनवाला घरी येऊन त्याच्यासमोर रडला, तर यांनी हातातलं दुरुस्तीचं घड्याळ बाजूला ठेवून त्याला चहा पाजला. ती आत भांडी आपटत होती. पाहुणा गेल्यावर नवरा म्हणाला, "अगं, पाय माझा गेला आणि लंगडतेस तू."

शनिवारी संध्याकाळी तिने सुरी घेतली आणि एकोणचाळीस तुकडे कापले. उरलेला पाव घरी नेला.

प्रार्थनाघरात ताट पुढून मागे फिरतं. प्रत्येकाने तुकडा हातात धरून थांबायचं. मग पाळक बोलतात आणि सगळे एकदम खातात. शेवटच्या बाकावर तिचा नवरा, कुबड्या ठेवायला तिथे जागा असते म्हणून. त्याच्याशेजारी ती. आणि तिच्या पलीकडे, दाराजवळच्या एकट्या खुर्चीवर क्रेनवाला.

ताट आलं तेव्हा त्यात दोन तुकडे होते. एक नवऱ्याने घेतला, एक तिने. रिकामं ताट तिने स्वतःच्या हाताने खुर्चीकडे पुढे केलं.

तिला वाटलं होतं, तो चिडेल, निदान इकडेतिकडे बघेल. त्याने ताटाकडे पाहिलं आणि हे आधीच माहीत असल्यासारखी मान हलवली. ताट खुर्चीवर ठेवून तो मुकाट्याने बाहेर पडला.

तिच्या मनासारखं झालं होतं, आणि तरी झालं नव्हतं. तिला त्याला शिक्षा करायची होती, स्वतःच्या नावाने. ही तर देवाच्या नावावर खपली. ती उठली. नवऱ्याने काही न विचारता कुबड्या बाजूला घेतल्या.

बाहेर तो सायकलचं कुलूप उघडत होता. किल्ली काही केल्या लागत नव्हती.

"थांबा."

"बरोबर आहे, वहिनी," तो वर न बघताच म्हणाला. "मला वाटलंच होतं, इतक्या सहज कसा सुटेन? देवाचा विचार बदलला असेल."

"देवाचा काही संबंध नाही. तुकडा मी कमी कापला. मुद्दाम."

त्याने वर पाहिलं.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"पण त्याने केलंय. त्यात मी माझी सुरी घालायला नको होती. चुकलं माझं."

हे शब्द आपण या माणसाला म्हणतोय, हे तिचं तिलाच खरं वाटेना. रागाने आणि लाजेने तिचे कान तापले होते. तो काहीतरी म्हणणार, तेवढ्यात दारात कुबड्या वाजल्या.

"आत सगळे तुकडा धरून ताटकळलेत," नवरा म्हणाला. "पाळक म्हणतात, तुम्ही दोघं आल्याशिवाय कुणी खायचं नाही. तुमचं काय ते लवकर आटपा, माझा असला-नसला पायही दुखायला लागलाय."

तिने मूठ उघडली. तुकड्याची दाबून गोळी झाली होती. सुरीशिवाय तिने कधी पाव तोडला नव्हता. एक भाग मोठा झाला, एक लहान. मोठा त्याच्या तळहातावर पडला. बदलून घ्यावा असं तिला क्षणभर वाटलं, पण आत लोक खोळंबले होते.