परत आलेली मिरी

तीन महिन्यांपूर्वी परदेशी गेलेला काळ्या मिरीचा कंटेनर जसाच्या तसा परत आला, तेव्हा गोदामाच्या मुकादमाने सोबतचे कागद वाचले. तिकडच्या बंदरावर तपासणीत मिरीला बुरशी आणि कीड सापडली होती. त्यांनी माल नाकारला, आत कीड मारायचा विषारी गॅस सोडला, दारं सील केली आणि कंटेनर माघारी धाडला.

"चाळायची, वाळवायची, ताज्या मालात मिसळायची," मालक म्हणाला. "दुसऱ्या देशात खपून जाईल. परवाची बोट गाठायचीय."

"साहेब, गॅस निघून जायला दार दिवसभर उघडं ठेवावं लागतं."

"इतके दिवस समुद्रावर होता, अजून कुठला गॅस? तुला जमत नसेल तर सांग. करणारे पुष्कळ आहेत."

चौदा वर्षं चहाच्या पेट्या आणि मसाल्याची पोती बोटीवर चढवण्यात गेलेली. मुकादमाने मान खाली घातली आणि सील तोडायला लावलं.

आत शिरणाऱ्या हमालांच्या पहिल्या जोडीत भावोजी होते, थोरल्या बहिणीचे यजमान. कॉफी भाजायचा कारखाना बंद पडल्यावर मुकादमानेच त्यांना इथे चिकटवलं होतं. "सासुरवाडीचा मान म्हणजे पाठीवर पोतं," असं म्हणून ते सगळ्यांना हसवायचे. त्या सकाळी मात्र ते दारातच थबकले.

"वास कसला येतोय रे? कुजक्या मासळीसारखा?"

वास मुकादमालाही आला होता. तो कशाचा, हेही त्याला ठाऊक होतं.

"मिरी सडलीय," तो म्हणाला. "चला भावोजी, उरका."

वीस मिनिटांनी जोडीदार ओकत बाहेर आला. भावोजी आत, पोत्यांना टेकून बसले होते. हाक मारली तर ओ देईनात. चौघांनी उचलून इस्पितळात नेलं. दुपारी दोनच्या सुमारास ते गेले.

ताई कपडे वाळत घालत होती. धाकट्या भावाचा चेहरा पाहून तिच्या हातातलं धुणं तसंच राहिलं.

"तू कुठे होतास?" सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं.

"दारात."

तिसऱ्या दिवशी मालकाने एक कागद पुढे केला. मजूर कुणाला न विचारता आत गेला, असं त्यात लिहिलं होतं. "सही कर. तुझ्या बहिणीला चहाच्या पॅकिंगवर कायमची घेतो. तूही सुटशील."

मुकादम तो कागद घेऊन ताईकडे गेला. तिने तो दोनदा वाचला.

"ते विचारल्याशिवाय गेले?"

"नाही ताई. वास कसला, म्हणून विचारलं त्यांनी मला."

"मग?"

"मिरी सडलीय म्हणालो. मला माहीत होतं, ताई."

ताईने कागद घडी घालून परत दिला.

"मेलेल्या माणसाच्या माथी काही मारू नकोस धाकट्या. जे झालं ते सांग. आणि पुन्हा या घराची पायरी चढू नकोस."

त्याने पोलिसांना अथपासून इतिपर्यंत सांगितलं. मालकाने हात झटकले. गॅसचं आपल्याला कुणी बोललंच नाही, म्हणाला. हुकूम तोंडी होता, साक्षीला कुणी नव्हतं. मालक सुटला, मुकादमाला दीड वर्षाची शिक्षा झाली. ताईने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मसाल्याच्या गिरणीत काम धरलं.

चौथ्या महिन्यात बायको तुरुंगात भेटायला आली. मुलांचं सांगून झालं, भाड्याच्या खोलीचं झालं.

"ताईंकडे गेले होते," ती शेवटी म्हणाली.

"बोलली?"

"बसा म्हणाल्या. पाणी दिलं."

"माझं काही विचारलं?"

बायकोने जाळीवरची बोटं काढून घेतली. "नाही," ती म्हणाली.