विकलेल्या मोटारीचं दावं

आसगावात बैलाचा सौदा तुलारामशिवाय होत नसे. बैलाचे दात तुलारामनं मोजावेत, चाल तुलारामनं पाहावी, आणि घ्यावा की सोडावा तेही तुलारामनंच सांगावं. आपण कधी चुकलो असं त्याला पन्नास वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. ज्याला असं वाटत नाही तो केवढा मोठा गाढव असतो, हे त्याला त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात कळलं. आता ही गोष्ट तो स्वतःच सांगतो, आणि सांगताना स्वतःला ज्या शिव्या घालतो त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

तर झालं असं. एकाहत्तर साली धान बरं पिकलं, आणि या पठ्ठ्यानं भंडाऱ्याच्या एका ठेकेदाराकडून जुनी अंबॅसिडर घेतली. आसगावचा रस्ता पावसाळ्यात बैलगाडीलाही धड नव्हता. तिथं ही बया चिखलात बसायची, आणि मग तिच्यापुढं बैलजोडी जुंपावी लागायची. मोटारीत ऐटीत तुलाराम, मोटारीपुढं त्याचेच बैल, आणि दोन्ही कडेला हसणारं गाव. पाच वर्षं अशी शोभा करून घेतल्यावर शहात्तर साली त्यानं मोटार चिखल्याच्या धनीरामला विकली. धनीराम तिथल्या मँगनीजच्या खाणीत कामाला होता. त्याचा मेहुणा ड्रायव्हर. खाणीतल्या माणसांना दवाखान्याला, लग्नाकार्याला तुमसरला न्यायचं, चार पैसे सुटतील, असा त्या दोघांचा बेत होता.

धनीरामनं पैसे मोजले, तुलारामनं किल्ली दिली, कौशल्यानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मोटारीला हळदकुंकू लावलं. मग धनीरामनं बुक मागितलं. मोटारीच्या मालकाचं नाव असतं आणि कर भरल्याची नोंद होते, ते बुक. तुलाराम हसला, आणि त्यानं धनीरामला समजावलं. बैल विकला तर बैल जातो, दावं आपल्याच गोठ्यात राहतं; घेणाऱ्यानं आपलं दावं घेऊन यावं. दावं दिलं तर त्याच्यामागं घरची लक्ष्मीही निघून जाते, हे आसगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आता मोटारीला दावं नसतं. तेव्हा मोटारीचं दावं म्हणजे तिचं बुक, असा शोध या हुशार माणसानं लावला, आणि बुक कापडी पिशवीत घालून गोठ्यातल्या खुंटीला टांगून ठेवलं.

बुकासाठी धनीराम तीनदा आला. चिखला कुठं आणि आसगाव कुठं! एस.टी. बदलत, खाणीतली हजेरी बुडवून यायचा बिचारा. तुलाराम त्याला पोटभर जेवू घालायचा, पानसुपारी द्यायचा आणि हात हलवत परत पाठवायचा. वर पानठेल्यावर बसून रंगवून सांगायचा, बैल इकल्यावर दावं मांगाले आला लेकाचा. गाव पोट धरून हसायचं. चौथ्यांदा धनीराम आला नाही. समजला एकदाचा, असं तुलारामला वाटलं.

सात वर्षं गेली आणि तलाठी कागद घेऊन दारात उभा राहिला. अंबॅसिडरचा थकलेला कर, त्यावर दंड, मिळून दोन हजारांच्या वर रुपये. महिन्याभरात भरा, नाहीतर शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसुली. वसुली म्हणजे जप्ती, आणि जप्ती म्हणजे गोठ्यातली जोडी. तुलारामनं कागद उलटा करून पाहिला, मागं काही सुटका लिहिली आहे का म्हणून. मागं कोरं होतं.

तो तडक नागपूरच्या मोटार ऑफिसात गेला. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनानं चष्मा पुसत त्याला सारं नीट सांगितलं. मोटार विकली तर तसं लेखी कळवायचं असतं, बुकात घेणाऱ्याचं नाव चढवायचं असतं. तोवर सरकारच्या लेखी मोटार तुमचीच. चालत नसेल तर चालत नाही म्हणून आधी कळवायला हवं होतं. आता सांगून उपयोग नाही. मग त्यानं विचारलं, बुक कुठं आहे?

"त्याच्यापाशीच आहे," तुलाराम म्हणाला. इतकं सहज म्हणाला की क्षणभर त्याला स्वतःलाच ते खरं वाटलं.

कारकुनाला दया आली. घेणारा मोटार आणि बुक घेऊन पसार झाला अशी पोलिसात तक्रार द्या, मोटार सध्या कुठं आहे तेही तीत लिहा, नक्कल इथं आणा. वसुली त्याच्याकडं वळवता येते का ते साहेब पाहतील, असा मार्ग त्यानं दाखवला. तुलारामनं पवनीच्या अर्जनवीसाकडून झोकदार तक्रार लिहून घेतली. मोटारीच्या ठिकाणापुरती जागा तेवढी कोरी ठेवली. पानठेल्यावर सांगून टाकलं, आता पाहा धनीरामले कसा सरळ करतो तं. सारं गाव खूश. एकटी कौशल्या म्हणाली, पोलिसात नाव गेलं तर त्याची खाणीतली नोकरी जाईन. तुलाराम म्हणाला, जाईन तं जाईन. आणि मोटार कुठं आहे ते पाहायला चिखल्याला निघाला.

खाणीच्या कामगारांच्या चाळीत धनीरामच्या घराशेजारी मोटार उभी होती. उभी म्हणजे विटांवर ठेवलेली, चाकं नव्हतीच. ज्या मागच्या सीटवर तुलारामनं कधी कोणाला चपला घालून बसू दिलं नव्हतं, तिथं कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिनं तुलारामकडं असं पाहिलं की जणू मोटार तिच्याच नावावर होती.

धनीरामची बायको केशरबाई हिनं पाणी दिलं. खाणीतली पाळी संपवून धनीराम आला, आणि आल्याआल्या तुलारामच्या पाया पडला. भांडायची सगळी तयारी करून आलेल्या माणसाच्या कोणी पाया पडलं तर त्यानं काय करावं? तुलाराम मुकाट्यानं ताटावर बसला. जेवताना हळूहळू सारं कळलं. मोटार दहा महिने चालली. कर भरायला गेले तर बुकाशिवाय घेत नव्हते. मग तुमसरजवळ पोलिसानं अडवलं. ना बुक, ना कराची पावती. सोडवून आणायला काढलेलं कर्ज फेडताना चाकं विकावी लागली, मेहुणा पोट भरायला बालाघाटकडं गेला, आणि मोटार विटांवर चढली.

तुलारामनं विचारलं, "मंग चवथ्यांदा काहून नाही आला बाप्पा तू?"

"घरची लक्ष्मी जाते म्हनले ना तुमी," धनीराम म्हणाला. "तसं म्हटल्यावर कसा मांगू, भाऊ?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. तुलाराम उठून भांडला असता. केशरबाईनं आणखी भात वाढला. सदऱ्याच्या खिशात तक्रारीचा कागद होता, आणि जेवण संपेपर्यंत तो छातीला टोचत राहिला. परतीच्या एस.टी.त त्यानं तो फाडून खिडकीबाहेर टाकला. तर अर्धे तुकडे वाऱ्यानं आत येऊन त्याच्याच टोपीवर बसले.

घरी येऊन त्यानं खुंटीवरची पिशवी काढली, पुन्हा नागपूर गाठलं, कारकुनापुढं बुक ठेवलं आणि मी खोटं बोललो म्हणून सांगितलं. म्हाताऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं. हे लिहून दिलं तर दंडातला एक पैसाही कमी होणार नाही, असं बजावलं. तुलारामनं लिहून दिलं. घेणाऱ्यानं तीनदा बुक मागितलं, मी दिलं नाही, चूक माझी. न देण्याचं कारण काय, असं कारकुनानं विचारलं. तुलारामनं लक्ष्मीचं सगळं सांगितलं. कारकून बराच वेळ पेन धरून बसला आणि शेवटी त्यानं लिहिलं, घरगुती कारण. कोठीतलं धान विकून तुलारामनं सारे पैसे भरले आणि बुक धनीरामच्या नावावर चढवायला दिलं. जोडी वाचली.

पण पानठेला कोणाला सोडत नाही. संध्याकाळी तिथं सगळे जमलेलेच होते. पानठेलेवाल्या भैय्यालालनं चुना लावता लावता विचारलं, मंग, कसा फसवला होता तुले त्या धनीरामनं?

"त्यानं नाही फसवलं," तुलाराम म्हणाला. "म्या फसवलं त्याले. सात वर्सं."

एवढं बोलायला त्याला किती जड गेलं ते त्यालाच ठाऊक. आता हे लोक तोंड फिरवतील म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. तेवढ्यात भैय्यालालनं मांडीवर थाप मारली. "वा! पैसेही घेतले, अन् मोटारही चालू नाही देल्ली! तुलारामभाऊच्या नादी लागाचं काम नाही, बाप्पा!"

सारा पानठेला हसला. तुलारामनं सांगून पाहिलं, दंड मीच भरला. त्यातही काही डाव असन, असं उत्तर आलं. धनीरामचा चालता धंदा मोडला, असं सांगितलं तर हसू आणखी वाढलं. चार दिवसांत ही गोष्ट पवनीपर्यंत पोचली, आणि तिच्यात तुलाराम आणखीच हुशार झालेला होता.

तेव्हा एका रात्री जेवताना तो कौशल्येजवळ कुरकुरला, "खरं सांगून राहिलो तं कोनी आयकूनच नाही राहिलं."

कौशल्या म्हणाली, "एवढे वर्सं तुमीच त्याईले शिकवलं, फसवनं म्हंजे हुशारी. शिकले आता थे."

तुलारामला राग यायला हवा होता. आला नाही. लाज वाटली, आणि ती कुठं ठेवावी ते कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पवनीहून एक माणूस आला. बैलजोडी घ्यायची होती, सौद्याला हुशार माणूस हवा होता, आणि मोटारीचं ऐकून तो मुद्दाम तुलारामकडंच आला होता. तुलारामनं आतूनच कौशल्येला खूण केली, आणि तो घरी नाही म्हणून सांगायला लावलं.