डाव्या हाताची गाठ

…राखेत एक पीस होतं. अर्धं जळालेलं, पण उरलेल्या अर्ध्यावर ते बारीक आडवे पट्टे अजून तसेच – तपकिरी, पांढुरका, पुन्हा तपकिरी – आणि पाटीत राख भरणारा बजाबाईचा हात तिथंच थबकला. कोंबडीचं असेल, ती मनाशी म्हणाली. कोंबडीचं! पारध्याच्या पोटी जन्मून तितराच्या पिसाला कोंबडीचं म्हणायचं म्हणजे सख्ख्या आईला शेजारीण म्हणण्यातलीच गत. तिनं ते बोटांत फिरवलं. आपोआप झडलेल्या पिसाचा देठ कोरडा असतो, स्वच्छ असतो. याच्या टोकाला काळपट काहीतरी सुकून चिकटलं होतं. हे झडलं नव्हतं, कुणीतरी उपटलं होतं.

आणि राख कोपऱ्यातल्या खोलीमागच्या चुलीची. त्या खोलीत काल साहेब उतरले होते, तळ्याचे कागद ज्यांच्या सहीवाचून हलत नाहीत ते. संध्याकाळीच दादा म्हणाला होता, "बजे, दिवसभर राबलीस, जा नीज. साहेबांचं मी बघतो." तिला किती बरं वाटलं होतं तेव्हा! सगळ्या वस्तीचा कारभार डोक्यावर, तरी बहिणीच्या पाठीत कळ आहे हे याच्या ध्यानात… पाठीवर हात टेकत ती उठली. पीस तिनं कमरेच्या चंचीत खोचलं आणि राखेची पाटी शेताकडे नेली, कारण राख शेतात गेली पाहिजे हाही दादाचाच नियम होता.

नियम काय थोडे होते! ओलं झाड तोडायचं नाही, जळण फक्त पडलेल्या फांद्यांचं. पाहुण्यांना पत्रावळीवर वाढायचं. तळ्याचा खालचा कोपरा पाखरांचा, तिथं ना धुणं ना गुरं. ज्वारीच्या शेवटच्या ओळी कापायच्या नाहीत, त्याही पाखरांच्या. आणि राईत फास लावायचा नाही – देवीसमोर सगळ्या पारध्यांनी आपापले फास आणून टाकले आणि कोंडीबादादानं त्यांना काडी लावली, तेव्हा म्हातारी माणसं रडली होती. सोलापूर सोडून अक्कलकोटकडे निघालं की उजव्या हाताला हे पारध्यांच्या सोसायटीचं विश्रामधाम: चार खोल्या, तळं, राई आणि हुरड्याचं शेत. हिवाळ्यात शहरची माणसं येतात, हुरडा खातात, तितर ओरडला की पोरांना म्हणतात – ऐका, ऐका. एरवी चोरी कुठंही होवो, पोलीस पहिल्यांदा पारध्याच्या पालावर यायचे. या राईपायी ते यायचे थांबले. लोक नाव घ्यायला लागले. त्या नावासाठी बजाबाईनं काय दिलं होतं हे लोकांना कुठून ठाऊक असणार.

पोरांपैकी कुणीतरी असेल, राख पसरताना ती म्हणत होती. वस्तीतली चार टवाळ पोरं आहेत, साहेबानं बिडीकाडीला काही दिलं असेल आणि… दादाला कळलं तर सालटं काढील. दादाला सांगायला हवं. पण आधी बघू तर, म्हणून ती शेवटच्या ओळींत शिरली. दव अजून पडून होतं, कणसं गळ्याला लागत होती, आणि ताटांच्या बुडाशी, अगदी पाखराच्या वाटेवर, खुंटीला बांधलेला तो दिसला. घोड्याच्या शेपटीच्या केसाचा फास. पुढं दुसरा, त्यापुढं तिसरा, आणि सगळ्यांच्या मधोमध मूठभर दाणे विखुरलेले.

या ओळींत! पाखरांना दान म्हणून सोडलेल्या ओळींत! अरे, निदान रानात तरी लावायचा… ती खाली वाकली. मग एक फास तिनं खुंटीसकट उपटला, जवळ धरला, आणि तिला गाठ दिसली.

गाठ उलटी होती. पीळ डावीकडून आलेला, शेवटचं टोक आतून घेतलेलं. बाप अशी घालायचा. बाप डावखुरा होता, वस्तीत तसा दुसरा नव्हताच. आणि त्याच्या मांडीशी बसून शिकला तो डावखुरा पोरगा. बजा शेजारीच बसायची, तिलाही शिकायची हौस, पण तिच्या उजव्या हाताला ती गाठ कधी जमलीच नाही आणि कोंडीबा हसायचा – "बजे, तुझी गाठ तितर बी सोडवील की!" …तिनं फास उलटा करून पाहिला, उजेडाकडे धरून पाहिला. गाठीनं दुसरं नाव काही सांगितलं नाही. पोरं नव्हती, कुणी नव्हतं, दादाच होता. कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

आणि मग – तिला नको होतं तरी – बहात्तरच्या दुष्काळातली ती दुपार समोर येऊन उभी राहिली. तळ्यात पाणी फक्त खालच्या कोपऱ्यात उरलेलं, त्यावर पाखरं तुटून पडायची, आणि भीमा, तिचा भीमा, मिसरूड नुकतं फुटलेलं, याच ओळींतून बाहेर येताना पंचांना सापडला. धोतराच्या सोग्यात तितर. पंचांनी फास मधे टाकला. भीमा म्हणाला, "आये, मी न्हाय. मामानं आणाया सांगितलं, पाव्हण्यासाठी." तेव्हाही पाहुणा होताच कुणीतरी, मोटारीतून आलेला. पण सगळ्यांनी कोंडीबाकडे पाहिलं आणि कोंडीबाच्या डोळ्यांत पाणी! "माझा सख्खा भाचा," तो म्हणाला, "म्हणून माफ करू? मग कुणाच्या तोंडानं दुसऱ्याला सांगू?" पोराला वस्तीतून काढायचं ठरलं, आणि धन्य म्हणाले लोक. आणि पोराच्या मुस्काटात पहिली मारली ती पंचांनी नव्हे, मामानं नव्हे. आईनं मारली. देवमाणसावर आळ घेतोस म्हणून मारली.

फास समोर पडला होता. नुसतं वाकून बघायचं होतं. पण ती पोराच्या तोंडाकडे बघत राहिली, त्यात खोटेपणा शोधत राहिली… आणि मला सापडला की तो! काय बाई आहे मी, मला तो दिसलासुद्धा!

भीमा आता भवानी पेठेत असतो, एका मागाच्या कारखान्यात. मागच्या वर्षी ती नवी पेठेत गुळाला गेली होती तेव्हा दिसला. पाठीवर चादरींचा गठ्ठा, वाकलेला, वयापेक्षा थोराड. हुरड्याची पुरचुंडी तिनं पुढं केली. त्यानं घेतली नाही. "तुमच्या राईतलं नगं," एवढंच म्हणाला, आणि गर्दीत गेला. ती घरी येऊन दादाजवळ रडली होती. दादानं पाठीवरून हात फिरवला होता. कुठला हात? …डावाच असणार.

दुपारी सोलापूरहून पोरं आली. हंगामाची पहिली आगटी दर वर्षी अनाथाश्रमातल्या पोरांची. त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही, पोटभर घालायचं. नवी पेठेतले कापडवाले शिवलिंगप्पा त्यांना ट्रकमधून घेऊन येतात, कपाळाला विभूती, अंगात कोट. गोवऱ्यांचा विस्तव फुलला, कणसं भाजली, गरम गरम हातावर चोळायची, फुंकर मारून पोरांच्या ओंजळीत टाकायची, वर शेंगांची चटणी, गुळाचा खडा. बजाबाईचे हात आपोआप चालले होते. चंचीत पीस होतं, ओच्यात फास होता, आणि ती हसून म्हणत होती, "खा रं लेकरा, लाजू नगंस." माणसाला असं हसता येतं हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

"बजाबाई," शिवलिंगप्पा म्हणाले, "आमच्या घरी मुंगीसुद्धा मारत नाहीत, पण त्यात आमचं काय कौतुक? ज्यांचा धंदाच मारायचा, त्यांनी सोडलं, हे खरं. मी दुकानात गिऱ्हाइकाला सांगत असतो की!" आणि त्यांचे डोळे खरोखर भरून आले. भला माणूस. तिला वाटलं, आत्ता ओच्यातला फास काढून यांच्या हातावर ठेवावा. मग हा भला माणूस काय म्हणेल? तोंडानं काही म्हणणार नाही. पण मनात म्हणेल… पारधी तो शेवटी पारधी. आणि उद्या दुकानात गिऱ्हाइकाला सांगेल.

कोंडीबा खोलीमागं पाणी भरत होता. तिनं जाऊन फास त्याच्यासमोर धरला. तो बघत राहिला. घागर खाली ठेवली, पटका सारखा केला. नाकारलं असतं तर बरं झालं असतं. ती कदाचित मानायला तयार होती, देवीशप्पथ, अजूनही तयार होती.

"सायबानं मागितलं," तो म्हणाला. "तळ्याचा कागद त्याच्या हातात हाय. न्हाय म्हनलो असतो तर तळं गेलं असतं, राई वाळली असती. एक पाखरू दिलं की बाकीची पाणी पित्यात, बजे. ही पोरं हितं हुरडा खात्यात ती कशाच्या जिवावर?"

"आन् भीमा?"

त्यानं पुन्हा पटक्याला हात घातला.

"दादा, भीमा कुणाच्या जिवावर गेला?"

"पंचांनी बघितलं व्हतं," तो हळू म्हणाला. "कुनाला तरी धरायलाच लागत व्हतं. मी सापडलो असतो तर सोसायटी मोडली असती. त्यो पोरगा व्हता. वाटलं, चार महिन्यांनी आणू माघारी… लई वेळा जिभंवर आलं सांगायचं. पर तू त्येला मारलंस, आन् सगळ्यांना खरंच वाटलं."

तू मारलंस. म्हणजे हिशेबात तीही होती! पोराला तिच्या हातून मारून घेतलं आणि मग तिच्याच पाठीवर हात फिरवला, वर्षानुवर्षं, रोज. केसानं गळा कापणं म्हणतात ते याला… तिला ओरडायचं होतं, पण ट्रकमधली पोरं आगटीभोवती खिदळत होती आणि तिनं फास पुन्हा ओच्यात खोचला. कोंडीबानं घागर उचलली. "सांज झाली," तो म्हणाला. "पोरं ओळींकडं जायाची वेळ झाली. तुला बोलवत्यात."

दर वर्षीचा हा शेवट. प्रत्येक पोराच्या मुठीत थोडा हुरडा द्यायचा, शेवटच्या ओळींपाशी सगळ्यांना उभं करायचं, आणि बजाबाईनं सांगायचं – ह्या ओळी पाखरांच्या. हितं त्यांना कुणी मारत न्हाय. आपुन खाल्लं, आता त्यांना द्या. मग ती म्हणते, "टाका," आणि सगळी पोरं एकदम मुठी उघडतात. स्वतःचं म्हणून काही नसलेली पोरं, पण द्यायला मिळालं की त्यांचे चेहरे कसे होतात ते बघायला शिवलिंगप्पा पुढं येऊन उभे राहतात.

आजही राहिले. उन्हं तिरकी झाली होती. पोरांनी रांग धरली, मुठी आवळल्या. एक लहानगी मुठीतला दाणा हळूच तोंडात टाकत होती. कोंडीबा पलीकडे, हाताची घडी घालून, तिच्याकडे बघत – धमकी नव्हती त्याच्या डोळ्यांत, विनवणी होती, आणि तेच तिला सोसवेना.

खुंट्या अजून आत होत्या. दाणे टाकले की संध्याकाळी पाखरं येणार. आजवर आपण या पोरांच्या हातानं काय टाकत आलो? दान की…

"ह्या ओळी पाखरांच्या," बजाबाई म्हणाली. नेहमीचा आवाज. "हितं त्यांना–"

ओळींच्या आतून तितर ओरडला. पोरं हसली, शिवलिंगप्पांनी मान डोलावली. पुढचं वाक्य तिच्या ओठाशी तयार होतं, रोजच्या भाकरीइतकं सवयीचं, आणि ते निघेना.

"टाकू का, मावशे?" लहानगीनं विचारलं.

"थांब," ती म्हणाली. "कुणीबी टाकू नगा."

कोंडीबाच्या हातांची घडी सुटली. पोरं मुठी आवळून तशीच उभी. यापुढं काय बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं. ओच्यातल्या फासावर तिचा हात गेला होता, तो बाहेर निघेल की नाही तेही ठाऊक नव्हतं. राई राहील का, नाव राहील का… ते सगळं फार लांबचं वाटत होतं. जवळ होता तो फक्त एक आवाज. इतकी वर्षं तो तिला दादाच्या रडण्याआडून ऐकू यायचा, खोटा, उर्मट. आता मधे काहीच नव्हतं. पोर जसं म्हणालं होतं तसंच, घाबऱ्या आवाजात, तिच्याकडे बघत – आये, मी न्हाय.

"व्हय रं," ती पुटपुटली. पोरांना वाटलं त्यांनाच काही म्हणाली, म्हणून ती सगळी आणखी जवळ सरकली.