मीताची बाजू

"मीता मेली पायजे आता," उत्तमराव म्हणाले. "त्याबिगर समर मोकळा होत नाई."

बडनेऱ्याहून सुटलेली सकाळची गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडे सिग्नलला थांबली होती. रोज अमरावतीहून अकोल्याला जाणारी मंडळी आपापल्या ठरलेल्या जागी बसली होती, आणि कित्येक दिवसांपासून त्यांच्यात विषय एकच होता, ‘दूसरा पासपोर्ट’ ही हिंदी मालिका. उत्तमराव कोर्टात लिपिक होते, सीमा बँकेत होती आणि खिडकीशी बसणारी रश्मी गवई अकोल्यात लहान मुलांच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. तिघंही ती मोबाईलवर पाहत.

मालिकेतला समर हा गुप्तहेर. भोपाळला त्याचं घर, आणि घरी मीता नावाची बायको. आपला नवरा दवाखान्यांना मशिनी विकतो, एवढंच तिला ठाऊक. परदेशात त्याच्याबरोबर काम करणारी इरा मात्र त्याचं सगळं जाणून असते. दुसऱ्या सीझनच्या शेवटी समर कित्येक महिन्यांनी घरी आला, मीतानं त्याची बॅग उघडली, तिला दुसऱ्याच नावाचा पासपोर्ट सापडला आणि घाबरून तिनं तो भावाला दाखवला. तिथून बातमी फुटली. सगळी मोहीम कोसळली, इरा पकडली गेली. तेव्हापासून मालिका पाहणारे झाडून सगळे मीतावर चिडले होते. तिसऱ्या सीझनमध्ये तिला मारून टाका, अशी मागणी चालली होती.

सीमाला इराबद्दल बोलल्याशिवाय राहवत नसे. पुलावरचा प्रसंग तिला पाठ होता. समरनं इराचा हातसुद्धा धरला नाही आणि तरी अख्ख्या मालिकेत त्याहून सुंदर प्रेम नाही, असं ती म्हणे. रश्मी हसून मान डोलवी. तो प्रसंग तिनंही पुन्हा पुन्हा पाहिला होता. पण सीमा जिथे उसासा टाके तिथे रश्मी थांबत नसे. त्याच्या थोडं आधी, कठड्याला टेकून समर इराला सांगतो की त्याला झोप लागत नाही, डोळे मिटले की विहिरीत पडल्यासारखं होतं. इरा काही बोलत नाही, ऐकते. रश्मी तेवढंच मागे नेऊन पाही.

तिचा नवरा सुगत निमलष्करी दलात होता. त्याची नेमणूक पश्चिमेच्या सीमेवर होती. तो काही हेर नव्हता. गावात, नात्यात सगळ्यांना त्याचं काम ठाऊक होतं. पण घरी आला की तो हेरासारखाच राही. आईशी शेतीपाण्याचं, पावसाचं बोले, गळका नळ दुरुस्त करी, रश्मीनं केलेलं आवडीनं खाई. तिकडचं काही विचारलं की म्हणे, "तिकडचं काय सांगू? रेती हाय." फोनवर तर बोलणं ठरलेलंच. जेवली का, आई बरी आहे का, ठेवू का. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस कशाला भितो, हे रश्मीला सांगता आलं नसतं.

त्या दिवशी दुपारी वॉर्डातली मुलं झोपल्यावर तिनं डबा खाल्ला आणि मालिकेच्या चाहत्यांचा मराठी ग्रुप उघडला. मीताला शिव्या देणाऱ्या एका पोस्टखाली तिनं लिहायला घेतलं. तिथे तिनं स्वतःचं नाव दिलेलं नव्हतं, नुसतं ‘अमरावतीकर’ एवढंच होतं.

"मीतानं बॅग उघडली ते सगळ्यांनी पाहिलं. त्याआधी किती वर्षं तिनं ती उघडली नाही, ते कोणी पाहिलं? तो घरी येतो, जेवतो, झोपतो. रात्री दचकून उठतो आणि म्हणतो, पाणी प्यायला उठलो. ती डोळे मिटून पडून राहते, त्याला खोटं बोलायला लागू नये म्हणून. इराला त्याचं भय माहीत आहे. मीताला फक्त त्याच्या शर्टाचं माप माहीत आहे. तिला मारायचं तर मारा. पण आधी एकदा त्याला तिच्याशी बोलू द्या."

संध्याकाळी ती घरी पोचेपर्यंत तिचं लिहिणं कुठल्याकुठे पसरलं होतं. कोणी लिहिलं होतं, काकू, भाजी करपेल. कोणी विचारलं होतं, देश मोठा की बायको? इराचे चाहते म्हणत होते की तिला दोन सीझनभर हळूहळू घडवलंय, मीता म्हणजे नुसती दार उघडणारी बाई. त्यावर कोणा मुलीनं उत्तर दिलं होतं, लेखकांनीच तिला दाराच्या पुढे येऊ दिलं नाही, त्यात तिचा काय दोष? आणि मधूनमधून बायका होत्या. अकोटच्या एकीचा नवरा ट्रक चालवत होता. धारणीच्या एकीचा वनरक्षक होता. तिनं लिहिलं होतं, "जंगलातून येतात, बूट काढतात, गप बसतात. मीता म्हंजे मीच."

दुसऱ्या दिवशी गाडीत उत्तमरावांनीच ते मोबाईलवर काढलं आणि टिंगलीच्या सुरात मोठ्यानं वाचू लागले. शर्टाच्या मापापर्यंत येता येता त्यांचा आवाज उतरला. त्यांची बायको तीन वर्षांपूर्वी वारली होती. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि बराच वेळ बाहेरच्या तुरीकडे पाहत राहिले. ते आपण लिहिलंय, हे रश्मीनं सांगितलं नाही.

महिन्याभरानं सुगत रजेवर आला. तिसरा सीझन तेव्हा सुरू झाला होता. रविवारी दुपारी रश्मीनं टीव्ही लावला, तर तो आपणहून येऊन बाजूला बसला. आपणही पाहतो, असं त्यानं सांगितल्यावर तिला आश्चर्य वाटलं. सीमेवरच्या चौकीत सगळेच पाहतात म्हणाला.

त्या भागात मीता ओरडली नाही, रडली नाही. समरच्या समोर बसून तिनं एवढंच विचारलं की रात्री तुला काय दिसतं. समर म्हणाला, काही नाही, आणि पाणी आणायला उठला.

सुगतनं रिमोट घेऊन चित्र थांबवलं.

"आमच्या मेसमदी एकानं वाचून दाखवलं होतं," तो टीव्हीकडेच पाहत म्हणाला. "अमरावतीच्या कोन्या बाईनं लिवलेलं. तो कारंज्याचा हाय, मराठी वाचते अन् हिंदीत सांगते साऱ्याईले. पयले हसले सारे. मंग एकेक जण फोन घेऊन बाहेर गेला."

मग तो तिच्याकडे वळला.

"पाणी प्याले उठलो म्हणते, असं होतं त्याच्यात. तूच लिवलं ना ते?"

"हो."

"जागी रायतं तू?"

"पयलेपासून."

सुगतनं पायजमा गुडघ्याच्या वर ओढला. मांडीवर लांब व्रण होता. मागच्या रजेत आला तेव्हा तारेचं लागलं, असं त्यानं सांगितलं होतं.

"हे तारेचं नाई," तो म्हणाला.

"मले ठाऊक हाय. टाके रोज पायतो आमी दवाखान्यात."

"मंग विचारलं काहून नाई?"

"तुमी सांगान म्हणून."

मग तो बोलला. सपाट आवाजात, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसा. रेतीच्या उतारावर गाडी उलटली होती. कुलदीप नावाचा जोडीदार त्याच्या शेजारी अडकला होता. मदत यायला सकाळ झाली. तोवर कुलदीप बोलत होता, गावाचं, पोरीचं, गव्हाचं. झोपू नको म्हणून सुगत त्याला एकेक विचारत होता. तेव्हा कित्येक दिवस त्याचा घरी फोन आला नव्हता, तो त्यानं सांगितलं होतं तसा नेटवर्क नसल्यामुळे नाही, तर सुगत दवाखान्यात होता म्हणून.

"मंग काय झालं त्याईचं?" रश्मीनं विचारलं.

सुगतनं तोंड उघडलं, तेवढ्यात आतून त्याच्या आईनं, पंचफुलाबाईंनी, चहा ठेवू का म्हणून विचारलं. त्यानं पायजमा खाली ओढला आणि चहा घ्यायला उठून गेला. रश्मी थांबलेल्या चित्रासमोर बसून राहिली. तिनं तो भाग पुढे लावला नाही. त्यानंतर रजा संपेपर्यंत त्यानं तो विषय काढला नाही. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, छतावरची टाकी घासली. एक मात्र झालं. एका रात्री तो दचकून उठला, तेव्हा रश्मीनं डोळे मिटून घेतले नाहीत. ती उठून बसली. तो पाणी प्यायला गेला नाही. दोघंही भिंतीला टेकून तसेच बसले.

तो गेल्यावर सीझन संपला. मीताला कोणी मारलं नाही. तिनं भोपाळचं घर स्वतःहून सोडलं, आणि ग्रुपवर लोकांची दोन तटांत भांडणं लागली. अख्ख्या मालिकेत खरी वाढली ती मीताच, असं काल शिव्या देणारे म्हणू लागले. सुटून आलेल्या इराला समरनं शेवटी मिठीत घेतलं म्हणून सीमा दिवसभर खुशीत होती. शेवटचा भाग पाहा, म्हणून ती रश्मीच्या मागे लागली. रश्मी पाहते म्हणाली, पण तिनं पाहिला नाही.

दिवाळीच्या आधीची एक संध्याकाळ होती. रश्मी ड्युटीवरून येऊन अंगणात मेथी निवडत बसली होती. पंचफुलाबाई बाजेवर होत्या, नव्या चष्म्यातून रस्त्याकडे पाहत. सुगतचा फोन आला. जेवली का, त्यानं विचारलं. आई बरी आहे का, तेही विचारलं. मग ठेवू का म्हणायची वेळ आली, पण तो ते म्हणाला नाही. तिकडे वारा होता, फोनमध्ये तो घुमत होता.

"रश्मी, तवा तू कुलदीपचं विचारलं होतं."

"हो."

"आयकून रायली ना?"

"सांगा."

"त्याचं असं झालं, उजेड व्हायच्या थोडं आंधी त्यानं मले..."

आणि आवाज गेला. वाराही गेला. रश्मीनं फोन कानावरून काढला नाही. मेथीची काडी दुसऱ्या हातात तशीच होती.

बऱ्याच वेळानं पंचफुलाबाईंनी विचारलं, "कटला का वं फोन?"

"नाई," रश्मी म्हणाली. "आयकून रायली मी."