फरशीवरच्या पट्ट्या

आमच्या ह्यांनी जन्मभर लोकांच्या घरी फरश्या बसवल्या. स्वतःच्या घरात बसवली ती इतक्या सफाईने, की सांधा शोधायला डोळे फोडावे लागतात. घरी कुणी आलं की त्याला वाकून हात फिरवायला लावायचे. मी म्हणायची, "अहो, आधी चहा तरी घेऊ द्या त्यांना!"

त्याच फरशीवर आता ह्यांचे पाय खिळून राहतात. पार्किन्सन. पलंगावरून उठतात, भिंत धरत न्हाणीघराच्या दाराशी येतात आणि जे थांबतात ते थांबतातच. पाऊल उचलायचं मनात असतं, पाय ऐकत नाहीत. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, "काकू, समोर आडवी रेघ दिसली की पाऊल उचललं जातं. जमिनीवर पट्ट्या चिकटवून बघा." ह्यांनी तोंड फिरवलं. एवढ्या गुळगुळीत फरशीवर पट्ट्या! पण संडासला आपलं आपण जायचं, एवढी एकच गोष्ट ह्यांनी धरून ठेवली होती. शर्टाची बटणं, दाढी, घास, सगळं निमूटपणे माझ्या हाती दिलं. हे मात्र नाही.

म्हणून मी लाल चिकटपट्ट्या लावल्या, पलंगापासून थेट आतपर्यंत. आणि काय सांगू, हे चालले की! एकेक पट्टी ओलांडत, डोकं खाली घालून, पण आपल्या पायांनी. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. कधी पट्टीपाशीही अडले, तर मी माझं पाऊल आडवं टाकायची. "नवऱ्याच्या पायात पाय घालणारी बायको मिळालीय," असं पुटपुटत ते ओलांडून जायचे.

काल सकाळी दारातल्या पट्टीशी थांबले. मी पाऊल आडवं टाकलं. हलेनात.

"अहो, उचला ना."

गुडघे नुसतेच थरथरत होते. माझा तोल सुटला. "उचला म्हणते ना! एवढंसं तर आहे!" आजारी माणसावर ओरडले मी. भीतीने ओरडले, दुसरं काय. हे दुखणं मागे फिरत नाही, डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण इतक्यात नको होतं.

"तिकडे तोंड कर," हे म्हणाले. मी पाठ फिरवली. मग फरशीवर पाणी पडल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला.

ह्यांना धुतलं, कपडे बदलले, खुर्चीत बसवलं, फरशी पुसली.

"पट्ट्या काढून टाक."

"राहू द्या हो. उद्या जमेल."

"काढ गं."

लग्नाला एवढी वर्षं झाली, ह्या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी सुरी घेऊन खाली बसले आणि खरवडायला लागले. वाटत होतं, एखादी तरी राहू दे म्हणतील. तसं म्हणाले नाहीत. सगळ्या निघाल्या, तरी मी तशीच बसून होते.

"दमलीस?"

"हो."

"मी पण," हे म्हणाले.