मास्तरांची तीन फुटी पेटी

आमच्या राहात्याला जिवंत माणसाच्या अंगाला शवपेटीसाठी टेप लावत नाहीत, अपशकुन होतो. म्हणून चौऱ्याहत्तर साली इसहाक मास्तर अंथरुणाला खिळले, तेव्हा मच्छिंद्र सुतार खाट दुरुस्त करायच्या बहाण्याने पेटीचं माप घेणार होता. मास्तरांचा एकच हट्ट होता. बायकोच्या, साराबाईंच्या कबरीशेजारी राखलेल्या सहा फुटांत त्यांना निजायचं होतं.

तेवढ्यात पुतण्या शमुवेल अमेरिकेहून उगवला. तिकडे तो ‘सी’ नावाची संगणकाची नवी भाषा शिकत होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

“मच्छिंद्रकाका, वस्तू बघायचीच नाही. प्रोग्राम चालायच्या आधीच कंपाइलर, म्हणजे तो प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा, तिचं माप ठरवतो आणि तेवढी जागा राखतो.”

“म्हंजी मानूस मरायच्या आदीच?”

“हो. फक्त त्याच्याकडे बोट दाखवणारं काहीतरी द्या.”

इथेच अर्धवट शिक्षण नडलं. बोट दाखवणाऱ्याचं माप विचारलं, तर ती भाषा बोटाचंच माप सांगते. मास्तरांची खूण म्हणजे त्यांची वेताची काठी. ती भरली तीन फूट.

“मास्तर लई उंच हाय की रं!” मच्छिंद्र म्हणाला.

“कंपाइलरशी वाद घालत नाहीत,” शमुवेल म्हणाला. पेटी तीन फुटांची झाली, वर पितळी कड्याही बसल्या.

ती बघून मास्तर संतापाने उठून बसले आणि त्या तिरमिरीतच बरे झाले. “गाढवा, मी काय वेताचा आहे?”

पण रिकामी पेटी माणूस मागते, असं चर्चच्या मंडळीतल्या बायकांचं म्हणणं. कुणी ती घरात घेईना. शेवटी तिच्यात काठीच निजवली. पाळकांनी प्रार्थना केली, आणि त्या काठीचा मार खाल्लेलं अर्धं गाव ढसाढसा रडलं. पेटी मास्तरांच्या नावाची, म्हणून मास्तरांच्याच जागेत पुरली. आधी राखलेली जागा बदलता येत नाही, असं शमुवेलने बजावलं होतं.

माती लोटून झाल्यावर सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. साराबाईंशेजारी आता तीनच फूट उरले होते. मास्तर काठीवाचून डगमगत उभे होते. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

“काका, उकरून काढू?” शमुवेलला रडू फुटलं.

“नको. एकदा माती दिलेलं उकरत नाहीत.” मास्तर साराबाईंच्या क्रुसाला धरून हळूच खाली बसले. “जन्मभर ती ओरडायची, पाय आवरून निजा, मला जागा पुरत नाही. आता आवरीन.”